निळं नसलेला कोपरा

कौशल्य कक्षाचं उद्घाटन झालं त्या दिवशी छाया तोडकरला एकतीस वर्षांत पहिल्यांदा कारखान्यात बूट बाहेर काढून आत जावं लागलं. आत गार हवा, पांढराशुभ्र गालिचा, भिंतीवर तिचाच दरवाजाएवढा फोटो आणि मधोमध एक खुर्ची. खुर्चीच्या वर डोक्यावर उतरणारी अर्धगोल टोपी. मालकांनी फीत कापली, टाळ्या झाल्या आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, न्हाव्याचं दुकान काढलंय की!" सगळे फिदीफिदी हसले. त्या दिवसापासून कागदोपत्री त्या खोलीचं नाव कौशल्य कक्ष राहिलं आणि बोलण्यात न्हाव्याचं दुकान.

छायाही हसली, पण मनातून ती हरखली होती. दृढा मशीन टूल्सचा हा कारखाना कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत. आयटीआय करून एकविसाव्या वर्षी ती इथं फिटर म्हणून लागली, तेव्हा कारखान्यात बायकांसाठी संडाससुद्धा नव्हता. तिथपासून भिंतीवरच्या फोटोपर्यंत येणं काही खायचं काम नव्हतं. आणि कामगारांना शिकायला कारखान्यात वेगळी जागा हवी, हे तर ती वर्षानुवर्षं मागत आली होती. जागा मिळाली, वर मानही मिळाला. माणूस भुलायला आणखी काय लागतं?

तिचं काम काय होतं, ते आधी सांगायला हवं. ग्राइंडिंग मशीनचा पाया म्हणजे बेड. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, लांबट, जडशीळ ठोकळा. मशीनचा सरकता भाग त्याच्यावरून पुढंमागं धावतो, म्हणून बेड जितका सपाट तितकं मशीन खरं. यंत्रानं कितीही घासला तरी बेडवर चार-सहा मायक्रॉनचे उंचवटे राहतातच. मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साठावा-सत्तरावा भाग. हे उंचवटे काढण्यासाठी एका सपाट प्लेटवर निळा रंग अगदी पातळ पसरायचा आणि बेड तिच्यावर घासायचा. जिथं बेड उंच असेल तिथं निळं लागतं. तेवढंच निळं स्क्रेपर नावाच्या धारदार पट्टीनं खरवडून काढायचं. पुन्हा रंग, पुन्हा घासणं, पुन्हा खरवडणं. दोन-तीन वर्षं हे केलं की मनगटाला समज येते. रोबोटांनी हे काम करून पाहिलं होतं. पण बीड एका जागी मऊ आणि दुसऱ्या जागी कडक निघालं की ते गडबडायचे. त्यामुळे दोन हजार एकोणचाळीस सालीसुद्धा जगातली अचूक यंत्रं शेवटी कुणाच्या तरी मनगटावरच उभी होती, आणि अशी मनगटं झपाट्यानं कमी होत चालली होती.

त्यावर तोड म्हणून खुर्ची आली. ती आणणारा अद्वैत पाटणकर कंपनीच्या प्रशिक्षण विभागाचा प्रमुख, पुण्याचा, अडतीस वर्षांचा. माणूस वाईट नव्हता. छाया कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी 'मी आलो, मी बसतो' असं बोलायची, त्याला तो पहिले चार दिवस हसला आणि मग हसायचा थांबला.

"हाताचं कसब हातात नसतंच, छायाताई," त्यानं तिला समजावलं होतं. "ते मेंदूत असतं. एक हालचाल हजारो वेळा केली की तिथल्या पेशींचे आपसातले जोड पक्के होतात. मग विचार न करता हात चालतो."

टोपीतले संवेदक त्या पेशी कोणत्या क्रमानं जाग्या होतात ते टिपून घेत. मग शिकणाऱ्याला खुर्चीत बसवून अर्धवट गुंगी द्यायची, आणि कवटीतून आत एका बिंदूवर एकवटणाऱ्या मंद अल्ट्रासाउंडनं त्याच्या मेंदूतल्या तशाच पेशी त्याच क्रमानं चेतवायच्या. अर्ध्या तासाच्या चाळीस बैठका झाल्या की उस्तादाचे जोड शिकाऊच्या डोक्यात तयार. त्यानं स्वतः काहीच केलेलं नसायचं. एकही बेड खराब केलेला नसायचा. पाटणकरला याचंच सगळ्यात जास्त कौतुक होतं.

छायानं जुन्या शेडमध्ये सहा आठवडे डोक्यावर टोपी घालून बेड खरवडले. नोंदणीला तिनं हस्त-१ असं नाव पडलेलं पाहिलं आणि संमतीच्या कागदावर सही केली. दर नोंदणीला माणसाची लेखी संमती घ्यावी असा कायदाच होता. "आणखी काही सांगायचं आहे?" असा शेवटचा रकाना होता. तिनं लिहिलं, नाही.

या सगळ्यात एकच माणूस तिच्यावर रुसलं. तबस्सुम शिकलगार, वय सव्वीस. मुलगी दोन वर्षांपूर्वी लागली तेव्हापासून शिफ्ट सुटल्यावर तासभर छायाजवळ थांबायची आणि भंगारातल्या बिडाच्या तुकड्यावर हात बसवायची. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं काम. पोलादाचा आवाज तिला कळायचा. पहिल्या सहा महिन्यांतच तिनं बरीच मजल मारली होती. खुर्ची आली आणि हे थांबलं. ज्यानं त्यानं चाळीस बैठका घ्यायच्याच, असा हुकूम निघाला.

"अक्का, तुमी तुमचा हातच देऊन टाकला," ती म्हणाली होती. "आता मला शिकवायची गरजच उरली न्हाई की."

"अगं, तीन वर्षांचं काम दोन महिन्यांत व्हतंय. तुझंच भलं हाय."

"मला शिकायचं हुतं. शिकलेलं व्हायचं नव्हतं."

छायाला हे बोलणं अतिशहाणपणाचं वाटलं आणि ती चिडली. त्यानंतर दोघी समोरासमोर आल्या तरी मान खाली घालून जायच्या. छाया आता नव्या मशिनींच्या जुळणीत होती. स्क्रेपिंग नव्या शेडमधले नऊ जण करायचे, सगळे खुर्चीतून उठलेले.

पहिले अकरा बेड तयार झाले आणि अकराच्या अकरा लेसर तपासणीत नापास झाले. प्रत्येकाचा एकच कोपरा सहा मायक्रॉननं खाली. पाटणकरनं अहवाल लिहिला: नोंदणी निर्दोष, शिकाऊंची ग्रहणक्षमता कमी. आठवड्यानं नऊ जणांना नोटीस मिळाली. महिनाअखेर सगळ्यांना घरी जायचं होतं आणि त्यांच्या जागी दुसरे नऊ बसवायचे होते.

नोटीस मिळाली त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत तबस्सुम येऊन छायाच्या समोर बसली. डबा उघडला नाही.

"अक्का, भांडण बाजूला ठेवून आलोय. माझा हात माझं ऐकंना झालाय."

"म्हंजे?"

"डाव्या अंगाचा मागचा कोपरा. तिथं निळं नसतंय, तरी हात जातोय. एकदा न्हवं, तीनदा. आडवायला गेलं की घाम फुटतोय. मला वाटलं मलाच हुतंय, म्हणून लाजून गप्प बसलो. काल सगळ्यांना इचारलं. नऊच्या नऊ जणांचं त्येच हाय."

छायाच्या हातातला घास तसाच राहिला. तिनं उजवा हात टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि नसलेल्या बेडवरून स्क्रेपर फिरवल्यासारखं मनगट हलवून पाहिलं. डाव्या अंगाच्या मागच्या कोपऱ्यात आल्यावर मनगट तीनदा जास्त गेलं. तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

"म्हातारी," ती पुटपुटली.

म्हातारी म्हणजे जुन्या शेडमधली प्लेट. छाया नोकरीला लागली त्याच्याही आधीची. तिचा एक कोपरा वयोमानानं सहा मायक्रॉन खाली गेलेला होता. ती दुरुस्तीला बंगळूरला पाठवली तर दोन महिने काम बंद, म्हणून कुणी पाठवायचं नाही. छायाचे उस्ताद दस्तगीर मिस्त्री यांनी दुसऱ्या वर्षी तिला बजावलं होतं: या कोपऱ्यात म्हातारी खोटं बोलते. प्लेट तिथं खाली, म्हणून बेड तिथं उंच असला तरी निळं लागत नाही. निळं असो-नसो, तिथं तीन हात जास्त मारायचे. छायानं ते मारले. सुरुवातीला आठवणीनं, मग सवयीनं, आणि मग ते मारतो आहोत हेही तिला कळेनासं झालं. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच ती विसरली होती.

नव्या शेडमधली प्लेट मात्र नवी कोरी, अगदी खरी. खऱ्या प्लेटवर नऊ जण खोट्या प्लेटचा इलाज करत बसले होते. आजार कोणता, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. खुर्चीनं हात दिला होता, कारण दिलं नव्हतं.

"माझी चूक हाय, तबस्सुम," छाया म्हणाली. तिनं बाहीनं डोळे पुसले. "तुझ्या नोटिशीवर माझी सही हाय असं समज."

"रडू नका. आधी म्हातारी कुठं हाय ते सांगा."

म्हातारी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली भंगारवाल्याची वाट बघत होती. तासाभरात तपासणी विभागाच्या भिसेला लेसरसकट बाहेर आणलं गेलं. भिसे सावध माणूस, वरिष्ठांना विचारल्याशिवाय चहासुद्धा घेत नसे. पण आकडा आला तेव्हा त्यानं तो मोठ्यानं वाचला, "वजा सहा पूर्णांक एक," आणि कागदावर सही करून दिली.

पाटणकरनं तो कागद दोनदा वाचला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"छायाताई, हे उत्तम झालं! म्हणजे तंत्रात दोष नाही. दोष फक्त एका कोपऱ्याचा आहे. उद्यापासून नव्या प्लेटवर तुमची नवी नोंदणी करू, हस्त-२. या नऊ जणांना प्रत्येकी दहा बैठका. महिन्यात सगळं सुरळीत. नोटिसा आजच मागं घेतो."

शेजारी उभ्या असलेल्या तबस्सुमनं श्वास सोडला. छाया मात्र आपल्या उजव्या हाताकडं बघत होती.

"मी बसणार न्हाई, साहेब."

"का?"

"एक खोड सापडली. ती पण या पोरीनं शोधली, मी न्हवं. या हातात आणखी काय काय भरलंय मला ठाऊक न्हाई. एक स्क्रेपर धा वर्षं वापरला, त्याची मूठ वाकडी हुती. दोन हजार सव्वीसला माझं मनगट मोडलं हुतं, तवापासून मी खांद्यातनं जोर देतो. ते सगळं तुमच्या टोपीत गेलंय. उद्या त्यातलं काय कुणाच्या बेडमधनं न्हाई तर खांद्यातनं बाहेर पडंल, कोण सांगणार? यांना इचारता येत न्हाई. का करतोय हेच म्हाईत नसलं तर चुकलं कुठं ते माणूस कसं शोधणार?"

"मग तुमचं म्हणणं काय? तीन-तीन वर्षं एकेकाला शिकवत बसायचं?"

"व्हय. ही खोली द्या. शिफ्टमधले दोन तास द्या, शिफ्टच्या बाहेरचे न्हवं. भंगारातलं बीड द्या. आणि त्या खोलीत जे खराब हुईल ते कुणाच्या नावावर लिहायचं न्हाई."

पाटणकरनं चष्मा काढून पुसला. शांतपणे बोलायची वेळ आली की तो असंच करायचा.

"तुम्ही बसणार नसाल तर नोटिसा मागं घेणं माझ्या हातात राहत नाही. नऊ घरांचा प्रश्न आहे, ताई. नीट विचार करा."

विचार करणं भाग होतं. तबस्सुमच्या पगारावर तिच्या आईचं डायलिसिस चालायचं, हे छायाला माहीत होतं. बाकीच्या आठांच्याही घरी काही ना काही होतंच. त्या संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर नऊही जण कॅन्टीनमध्ये जमले. छायानं जसं होतं तसं सांगितलं.

"तुमी म्हणाला तर मी उद्या जाऊन बसतो. माझ्या हट्टापायी तुमची चूल इझायला नको."

दोघं-तिघं नजर चुकवून बसले. त्यांना हो म्हणायचं होतं आणि त्यात काही गैर नव्हतं. मग तबस्सुम उठली.

"अक्का, बसू नका. त्या कोपऱ्यात हात जातोय तवा मला काय वाटतंय सांगू? कुणीतरी मागनं माझं मनगट धरून चालवतंय. घरी भाकरी थापतानासुद्धा हात दचकतोय. आता त्याच्यावर दुसरा हात बसवणार. मग तिसरा. माझा कवा येणार? नोकरी गेली तर जाऊ दे, दुसरी बघंन. पण हात घेऊनच जाईन."

एका पोरानं टेबलावर थाप मारली. हो म्हणायचं मनात असलेलेही हळूहळू वर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या शिफ्टला न्हाव्याच्या दुकानाची कडी वाजली. दहा जण आत शिरले, कुणीही बूट काढले नाहीत. खुर्चीचे बोल्ट फिटरांनी दहा मिनिटांत सोडवले आणि ती, एकही ओरखडा न पडता, बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली. मग ट्रॉलीवरून दोन जुनी वर्कबेंचं आली, भंगारातल्या बिडाचे तुकडे आले, निळ्या रंगाचे डबे आले. गालिच्यावर पहिला निळा डाग पडला तेव्हा कुणीतरी "अरेरे" म्हणालं आणि त्यावरच पाय देऊन पुढं गेलं. छायानं भिंतीवरचा आपला फोटो उतरवून भिंतीकडं तोंड करून ठेवला.

पाटणकर धावत आला, मागून सुरक्षारक्षक.

"हे काय चाललंय? हा कंपनीच्या मालमत्तेवर ताबा आहे!"

"शिकण्याची खोली हाय न्हवं?" छाया म्हणाली. "शिकायलोय."

रक्षकांनी पाटणकरकडं पाहिलं. पाटणकरनं मालकांना फोन लावला. मालकांनी बरंच काही सुनावलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. पण मालक व्यवहारी होते. परदेशी गिऱ्हाईक दारात उभं, अकरा बेड नापास, नवे नऊ तयार करायला आणखी दोन महिने. शेवटी त्यांनी एक बेड द्यायचं कबूल केलं. एकच. वीस दिवसांत खुर्चीशिवाय तो पास झाला तर पुढं बोलू, नाहीतर नऊ नोटिसा तशाच राहतील आणि दहावी छायाला.

तो बेड तबस्सुमनं घेतला.

पहिले आठ दिवस वाईट गेले. हात कोपऱ्यात आला की आपणहून पुढं पळायचा. तिनं मनगटाला फडकं बांधून पाहिलं, डाव्या हातानं उजवा धरून पाहिला. दोनदा ती बाहेर जाऊन ओकून आली. व्हरांड्यात खुर्ची होतीच, आणि पाटणकरनं एकदा हळूच येऊन सांगितलंही, "त्या तीन हालचाली पुसायला वीस मिनिटं लागतील. फक्त पुसायचं, नवीन काही घालायचं नाही. कुणाला कळणारही नाही."

"मला कळंल की," ती म्हणाली आणि फडकं घट्ट केलं.

छाया तिच्या हाताला हात लावत नव्हती. फार वाटायचं, पण ती मागं हात बांधून उभी राहायची. प्रत्येक वेळी स्क्रेपर टेकायच्या आधी ती एवढंच विचारायची, "इथं का?" आणि तबस्सुमनं कारण सांगितलं तरच पुढं जायचं. "निळं गडद हाय." "हे उंच हाय, पण बाजूचं आणखी उंच, म्हणून ते आधी." बाकीचे आठ जण आपापले तुकडे खराब करत होते आणि एकमेकांना तोच प्रश्न विचारत होते. बाराव्या दिवशी तबस्सुमचा हात कोपऱ्यावर आला, एकदा उचलला गेला आणि अधांतरी थांबला. तिच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला. खोलीतले सगळे स्क्रेपर थांबले होते.

"इथं का?" छायानं विचारलं.

"इथं निळं न्हाई," तबस्सुम म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "इथं निळं न्हाई, मी मारणार न्हाई!" आणि तिनं हात बाजूला घेतला. छायाला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी भिसेनं लेसर लावला. चारही कोपरे एका मायक्रॉनच्या आत. त्यानं तिसऱ्यांदा मोजलं, तेव्हा तबस्सुमच त्याला म्हणाली की आता पुरे, आकडा काही वाढणार नाही. नोटिसा संध्याकाळच्या आत परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटणकर आला, या वेळी एकटाच. तो खरोखर भारावला होता. खिशातून त्यानं संमतीचा कोरा कागद काढून तबस्सुमच्या बेंचवर ठेवला.

"अभिनंदन. मनापासून. मी आयुष्यात इतकं स्वच्छ काम पाहिलेलं नाही. आणि तुमच्या हातात जुनी कुठलीच खोड नाही, आहे की नाही? अगदी तरुण हात. सहा आठवडे टोपी घाला, आपण हस्त-२ तुमच्या नावानं करू. देशभरच्या कारखान्यांत जाईल. भिंतीवर फोटोही लावू."

छाया दोन पावलं मागं सरकली. एकतीस वर्षांनी तिला हेच विचारलं गेलं होतं आणि ती हरखली होती. या पोरीला अडीच वर्षांतच विचारलं होतं. हा निर्णय तिनं कुणाच्या सांगण्यावरून घ्यायचा नव्हता.

तबस्सुमनं कागद उचलला, दोन्ही बाजूंनी वाचला, आणि सही न करताच, कामाचा निळा अंगठा उमटलेला तो कागद परत पाटणकरच्या हातात दिला.

"देशभरात ज्याला पायजे त्याला हिकडं पाठवा, साहेब," ती म्हणाली. "तीन वर्षं लागतील म्हणावं, आणि कपडे निळे हुतील."